शहर न सोडणारे शेख : नजमुद्दीन कुब्रा

रमजानच्या महिन्यात इफ्तार आटोपली, तरावीहच्या नमाजला अजून थोडा वेळ असला, की घरातली जाणती मंडळी औलियांच्या गोष्टी काढतात. अजमेरचे ख्वाजा गरीब नवाज, दिल्लीचे निजामुद्दीन औलिया ही नावे तर कुठल्याही धर्माच्या माणसाला परकी वाटत नाहीत. आज ओळख करून घेऊ अशा एका सूफी संतांची, ज्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. त्यांची परंपरा मात्र काश्मीर आणि बिहारपर्यंत येऊन पोचली आहे. त्यांचे नाव शेख नजमुद्दीन कुब्रा. आठशे वर्षांपूर्वी चंगेजखानाची फौज शहराच्या दाराशी उभी असताना त्यांना सुखरूप बाहेर पडण्याची मुभा मिळाली होती. ते गेले नाहीत.

शेखसाहेबांचा जन्म ११४५ च्या सुमारास खीवा या गावी झाला. आमू दर्या ही मोठी नदी अरल समुद्राला मिळण्याआधी जो सुपीक पट्टा तयार करत असे, त्याला ख्वारज्म म्हणत. आज त्याचा काही भाग उझबेकिस्तानात आणि काही तुर्कमेनिस्तानात येतो. चहूबाजूंनी वाळवंट आणि मधोमध कालव्यांवर पोसलेली शेते, बागा, बाजारपेठा. गणितज्ञ अल-ख्वारिज्मी यांच्या घराण्याचे नाव याच मुलखावरून पडले आणि त्यांच्या नावावरून आजचा अल्गोरिदम हा शब्द आला. भारतावर थोर ग्रंथ लिहिणारे अल-बिरूनीही इथलेच. या मुलखाची राजधानी होती गुरगंज.

शेखांचे मूळ नाव अहमद, वडिलांचे उमर. नजमुद्दीन म्हणजे धर्माचा तारा. कुब्रा हे मात्र टोपणनाव आणि त्याची कथा गमतीची आहे. विद्यार्थिदशेत त्यांची बुद्धी इतकी तल्लख, की वादविवादात कुणीही समोर टिकत नसे. कुराणात कयामतीसाठी महासंकट या अर्थाचा एक शब्दप्रयोग आला आहे. सोबत्यांनी थट्टेने तोच त्यांना चिकटवला. पुढे त्यातला महान या अर्थाचा कुब्रा एवढाच शब्द उरला. ज्यांना लोक गमतीने महासंकट म्हणत, त्यांच्याच शहरावर म्हातारपणी खरे महासंकट चालून यायचे होते.

तरुण नजमुद्दीन हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे आणि आचरणाचे अभ्यासक होते. या विद्येसाठी त्या काळी देशोदेशी फिरावे लागे. ते निशापूरला गेले, हमदानला गेले, इस्फहानला गेले, मक्केला गेले आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत पोचले. इजिप्तमध्ये त्यांना शेख रूजबिहान भेटले. पुस्तकी विद्येच्या पलीकडचे काहीतरी त्यांना तिथे पहिल्यांदा जाणवले. असे सांगतात, की शेख रूजबिहान अगदी थोड्या पाण्यात वुजू करत होते. एवढ्या पाण्यात वुजू होते तरी का, अशी शंका या विद्वान तरुणाच्या मनात आली. शेखांनी ओले हात झटकले, थेंब तरुणाच्या चेहऱ्यावर उडाले आणि त्याची शुद्ध हरपली. कथेचा अर्थ उघड आहे. नियमांचे ज्ञान पुष्कळ होते, त्या ज्ञानाचा ताठाही होता. तो उतरायला एक झटका पुरला. पुढे याच शेखांच्या मुलीशी त्यांचा निकाह झाला.

तरीही शोध संपला नव्हता. तबरीज, खुजिस्तान असा प्रवास चालू राहिला. शेख इस्माईल कसरी आणि शेख अम्मार यासिर यांच्या सहवासात त्यांनी सूफी मार्गाची दीक्षा आणि शिस्त घेतली. वयाच्या चाळिशीच्या सुमारास ते बायकामुलांसह ख्वारज्मला परतले आणि तिथे त्यांनी आपली खानकाह सुरू केली. खानकाह म्हणजे सूफींचा मठच म्हणा ना. शिकणाऱ्यांना शिकवायचे, साधकाला एकांत द्यायचा आणि आल्यागेल्याला जेवू घालायचे ठिकाण.

त्यांच्या शिकवणुकीत गूढ भाग बराच आहे. ध्यानात साधकाला दिसणारे निरनिराळ्या रंगांचे प्रकाश आणि त्या रंगांचे अर्थ यांवर त्यांनी अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात हिरवा रंग जिवंत हृदयाची खूण मानला आहे. पण रोजच्या आचरणाचे त्यांचे नियम साधे होते आणि कठीणही. सतत वुजूत राहणे, रोजा, मौन, एकांत, जिक्र म्हणजे नामस्मरण, गुरूवर निष्ठा, मनात येणाऱ्या नको त्या विचारांना थारा न देणे आणि देवाच्या मर्जीबद्दल तक्रार न करणे. जुने सूफी जुनैद बगदादी यांच्याकडून आलेल्या या आठ अटी. आपण वर्षातून एक महिना जे करतो, ते त्यांच्या मुरीदांना कायमचेच करावे लागे.

लोक त्यांना वली-तराश म्हणू लागले. दगडातून मूर्ती घडवावी तसे साध्या माणसांतून औलिया घडवणारा, असा त्याचा अर्थ. त्यांच्या नजरेविषयी एक लोककथा आहे. एकदा दारातल्या एका भटक्या कुत्र्यावर त्यांची नजर पडली. त्या क्षणापासून ते जनावर बदलले आणि गावातली इतर कुत्री त्याच्याभोवती गुपचूप, आदबीने बसू लागली. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या खानकाहच्या दारातून कुणालाच हाकलले जात नव्हते, हे लोकांच्या मनात किती पक्के होते ते तिच्यातून कळते.

त्यांच्या मुरीदांत एक मजदुद्दीन बगदादी होते. शेखांचे फार लाडके. पण दरबारातल्या कुजबुजीवर विश्वास ठेवून ख्वारज्मचा सुलतान अलाउद्दीन मुहम्मद याने त्यांना ठार मारवले. आमू दर्यात बुडवून मारले, अशी हकीकत आहे. पुढे सुलतान पस्तावला, सोन्याने भरलेले ताट, तलवार आणि कफन घेऊन शेखांकडे आला. पण या रक्ताची भरपाई सोन्याने होणार नाही, त्यासाठी तुझे राज्य जाईल आणि पुष्कळांची डोकी जातील, त्यात आमचेही असेल, असे शेखांनी त्याला सांगितले, ही दंतकथा नंतर प्रसिद्ध झाली. मोठे संकट कोसळून गेल्यावर माणसे त्याचे कारण शोधतात. ही कथा तशीच घडली असावी. खरे कारण सुलतानाच्या राजकारणातच होते.

१२१८ मध्ये चंगेजखानाकडून आलेला व्यापाऱ्यांचा एक काफिला सीमेवरच्या ओतरार शहरात थांबला. सुमारे ४५० माणसे आणि तीही मुस्लिम व्यापारी. तिथल्या सुभेदाराने त्यांना हेर ठरवले, सुलतानाच्या संमतीने ठार केले आणि माल बळकावला. जाब विचारायला चंगेजखानाने तीन दूत पाठवले. सुलतानाने त्यांतल्या मुख्य दूताला मारले. तोही मुस्लिमच होता. बाकी दोघांच्या दाढ्या उतरवून त्यांना परत धाडले. या युद्धाला धर्माचे युद्ध म्हणता येत नाही. एका राजाचा लोभ आणि उन्माद, दुसऱ्याचा सूड आणि महत्त्वाकांक्षा, असा तो मामला होता. किंमत तिसऱ्यांनीच मोजली.

फेब्रुवारी १२२० मध्ये बुखारा पडले, मार्चमध्ये समरकंद. सुलतानाने फौज मैदानात एकवटलीच नव्हती, शहराशहरांत वाटून ठेवली होती. आता तो जीव घेऊन पळत सुटला. मंगोल घोडेस्वार त्याच्या मागावर होते. शेवटी कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर तो मेला. काल-परवापर्यंत अर्ध्या जगाचा मालक म्हणवणाऱ्याच्या मढ्यावर घालायला कफनही नव्हते, असे इतिहासकार लिहितात.

इकडे राजधानी गुरगंजमध्ये काय चालले होते? सुलतानाची आई तुर्कान खातून हिच्या हाती खरी सत्ता होती. तिने ओलीस ठेवलेल्या परमुलखातल्या राजपुत्रांना नदीत बुडवून मारले, खजिना आणि जनानखाना बरोबर घेतला आणि शहर सोडले. पुढे ती मंगोलांच्या हाती लागली आणि कैदेतच तिचा शेवट झाला. नंतर सुलतानाचा शूर मुलगा जलालुद्दीन गुरगंजला आला. पण आजीच्या गोटातल्या सरदारांना तो नको होता. त्यांनी त्याच्या खुनाचा कट केला. सुगावा लागताच तोही तीनशे स्वार घेऊन निघून गेला. पुढे चंगेजखानाच्या डोळ्यांदेखत घोड्यासह सिंधू नदीत उडी घेणारा तो हाच. सरदारांनी आपल्यातल्याच खुमार तेगीन नावाच्या एकाला सुलतान केले. राजा गेला, राजमाता गेली, राजपुत्र गेला. शहरात उरली ती सामान्य माणसे. विणकर, कुंभार, लोहार, माळी, मदरशांतले विद्यार्थी आणि खानकाहमधले सत्तरी ओलांडलेले शेख.

गुरगंजवर चालून आली ती चंगेजखानाच्या तीन मुलांची फौज. जोची, चगताई आणि ओगेदेई. सुरुवातीलाच शहरवाले फसले. मंगोलांची एक छोटी तुकडी वेशीबाहेरची गुरे हाकून नेऊ लागली. एवढेसेच लोक आहेत असे समजून शहरातले सैनिक आणि नागरिक पाठलागावर धावले. बागांच्या आड मुख्य फौज दबा धरून बसली होती. त्या दिवशी असंख्य माणसे परत आली नाहीत.

मग शहराने दरवाजे लावले. फरीदून घोरी नावाचा सरदार पाचशे माणसांनिशी दरवाजावर उभा राहिला. मंगोलांकडे दगडफेकीची यंत्रे होती, पण नदीच्या गाळाच्या त्या प्रदेशात दगडच मिळेनात. त्यांनी तुतीची झाडे तोडली, त्यांचे ओंडके पाण्यात भिजत ठेवून जड केले आणि दगडांऐवजी तेच तटावर फेकले. खंदक बुजवायला पकडून आणलेल्या कैद्यांना पुढे घातले. जोचीला हे शहर पुढे आपल्या वाट्याला येईल अशी आशा होती, म्हणून ते धड हाती यावे असे त्याला वाटे. त्याने शरण येण्याचे निरोप धाडले. चगताईला ही मवाळी पसंत नव्हती. दोघा भावांत इतके बिनसले, की बापाने मुख्य सेनापतिपद ओगेदेईकडे सोपवले.

खुमार तेगीन धीर सोडून दरवाजावरून खाली उतरला. नाममात्र सुलतानही गेला. पण शहर लढत राहिले, गल्ली गल्ली, घर घर. मंगोलांनी घरांवर नफ्ता, म्हणजे पेट घेणारे खनिज तेल, फेकून मोहल्ले जाळले. शहराच्या मधल्या पुलावर चढलेल्या तीन हजार मंगोल सैनिकांना शहरवाल्यांनी घेरले आणि त्यातला एकही परत जाऊ दिला नाही, असे इतिहासकार जुवैनी सांगतो. बुखारा काही दिवसांत पडले होते. गुरगंजने चंगेजखानाच्या तीन मुलांना कित्येक महिने झुंजवले.

आता शेखांकडे वळू. मंगोल येणार हे कळताच त्यांनी मुरीदांना बोलावले आणि आपापल्या मुलखात परत जायला सांगितले. त्यांत सादुद्दीन हमूया होते, रजीउद्दीन अली लाला होते. जनावरे तयार आहेत, आपणही खुरासानला चला, अशी विनवणी मुरीदांनी केली. शेखांनी नकार दिला. आपल्याला जाण्याची परवानगी नाही, आपण इथेच शहीद होणार, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा प्रसंग रशीदुद्दीन या इतिहासकाराने नोंदवला आहे. शेखांची कीर्ती चंगेजखानाच्या कानी गेली होती. या शहराची कत्तल होणार आहे, तेव्हा शेखांनी बाहेर निघून यावे, असा निरोप त्याने पाठवला. शेखांनी उलट कळवले, की सत्तर वर्षे या लोकांबरोबर कडूगोड भोगले. आता त्यांच्यावर संकट आले असताना त्यांना टाकून निघून जाणे माणुसकीला धरून होणार नाही. विशेष म्हणजे रशीदुद्दीन हा मंगोल बादशहाचा वजीर होता आणि त्याचा इतिहास मंगोल दरबाराच्याच हुकमाने लिहिला गेला. म्हणजे ज्यांनी शहर उद्ध्वस्त केले, त्यांच्याच वंशजांच्या दफ्तरात शेखांचा हा नकार जपून ठेवला गेला.

या दोन निर्णयांकडे एकत्र पाहायला हवे. शेखांनी मुरीदांना थांबवून घेतले नाही. तरुणांनी आपल्याबरोबर मरावे असा हट्ट धरला नाही. जे गेले त्यांना भित्रे म्हटले नाही. त्यांच्याजवळची विद्या वाचायला हवी होती आणि ती माणसांच्या रूपानेच वाचणार होती. पण स्वतःचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी वेगळा न्याय लावला. ज्या शहराने आपल्याला पीर मानले, बाळांच्या कानात अजान द्यायला आणि मयतीची नमाज पढवायला बोलावले, त्या शहराच्या वाईट दिवसांत मिळालेली सवलत एकट्याने कशी घ्यायची?

शेवटच्या दिवसाचे वर्णन अडीचशे वर्षांनंतर हेरातचे कवी जामी यांनी औलियांच्या चरित्रात केले आहे. शेखांनी आपला सूफी झगा अंगावर चढवला, कंबर कसली, दोन्ही बाजूंनी झग्यात दगड भरले आणि हातात भाला घेतला. उरलेल्या साथीदारांसह ते मंगोलांसमोर गेले आणि दगड संपेपर्यंत फेकत राहिले. एक बाण छातीत रुतला. तो त्यांनी स्वतः उपसून काढला आणि त्यातच त्यांचा प्राण गेला. पडताना त्यांनी एका मंगोल सैनिकाची शेंडी मुठीत धरली होती. दहा माणसांना ती मूठ सोडवता आली नाही, शेवटी केस कापावे लागले, असेही सांगतात. शेंडीचा भाग श्रद्धेने रंगवलेला असेल. ते गुरगंजच्या पाडावात, हिजरी ६१८ म्हणजे १२२१ मध्ये, मारले गेले याबद्दल मात्र वाद नाही.

शहराचे काय झाले? वाचलेल्यांना मैदानात आणले गेले. कारागीर वेगळे काढून पूर्वेकडे पाठवले, बायकामुलांना गुलाम केले, बाकीच्या पुरुषांची कत्तल झाली. मृतांचा जो आकडा ऐकला त्यावर आपला विश्वास बसला नाही, म्हणून तो लिहिला नाही, असे जुवैनी नोंदवतो. इब्न अल-असीर सांगतो, की त्यानंतर नदीचा बांध फोडून शहर बुडवले गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. शेखांचे मुरीद सैफुद्दीन बाखर्जी बुखाऱ्याला राहत होते. तिथे मंगोल राजघराण्यातल्या सोरकोक्तनी बेगम यांनी मदरसा बांधायला पैसे दिले आणि त्याची व्यवस्था बाखर्जींकडे सोपवली. या बेगम ख्रिस्ती होत्या. याच बाखर्जींच्या हातावर बरके खानाने इस्लाम स्वीकारला. बरके कोण? गुरगंजला वेढा घालणाऱ्या जोचीचा मुलगा. खुरासानला गेलेल्या सादुद्दीन हमूयांचा मुलगा सदरुद्दीन इब्राहीम. त्यांच्यासमोर १२९५ मध्ये गाजान खानाने कलमा पढला. गाजान हा चंगेजखानाच्या थेट वंशातला, इराणचा बादशहा. त्यामुळे लढाया थांबल्या, असे नाही. राजे राजेच राहिले. पण ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी खानकाह जाळली, त्यांची पुढची पिढी त्याच खानकाहच्या शिष्यांपुढे गुडघे टेकून बसली. हे तलवारीने झाले नव्हते.

अली लाला यांच्या शिष्यपरंपरेतून चौदाव्या शतकात मीर सय्यद अली हमदानी काश्मीरला आले. बाखर्जींच्या शिष्यांकडून ही परंपरा दिल्लीला आणि तिथून बिहारला गेली. बिहार शरीफचे मखदूम शर्फुद्दीन याह्या मनेरी याच फिर्दौसी शाखेचे.

गुरगंज पुन्हा वसले. आज त्याचे नाव कुन्या-उर्गेंच, म्हणजे जुने उर्गेंच. ते तुर्कमेनिस्तानात आहे आणि २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. चौदाव्या शतकात मंगोल वंशाच्याच सत्तेखाली तिथे शेखांची कबर बांधली गेली. साधारण १३३३ मध्ये प्रवासी इब्न बतूता तिथे पोचला. पुढे आपल्या देवगिरी-दौलताबादला येऊन गेलेला तो हाच. शहराबाहेर शेख नजमुद्दीन कुब्रांच्या कबरीवर खानकाह आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना तिथे जेवण मिळते, एवढी नोंद त्याने करून ठेवली आहे.

रोजा सब्र शिकवतो असे आपण म्हणतो आणि सब्रचा अर्थ मुकाट्याने सोसणे एवढाच घेतो. शेखांनी साधकासाठी जी दहा तत्त्वे सांगितली त्यातही सब्र आहे. पण त्यांच्या आयुष्याने त्याचा अर्थ जरा निराळा लावून दाखवला. जागा न सोडणे, माणसे न सोडणे. पूर येतो, साथ येते, कधी दंगल पेटते. तेव्हा निघून जाण्याची सोय काहींनाच असते आणि ते गेले म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण अशा वेळी जो थांबतो, त्याला गाव विसरत नाही. शेखांच्या कबरीवर पुढे शंभर वर्षांनीही वाटसरूंना जेवू घातले जात होते. संध्याकाळी इफ्तारचे ताट शेजारच्या घरी पाठवताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही.